चुकलं तर विचारणारं कोण?

मागच्या अंकात प्रयोगशाळा सोडून कंपनीत जाणाऱ्यांविषयी दोनच ओळी लिहिल्या होत्या, तर त्यावर पत्रांचा ढीग आला. त्यातली तीन घेते. नावं छापत नाही. पहिलीने तर 'आमचे सर हे मासिक वाचतात' असं मुद्दाम कळवलंय.

प्रश्न : मॅडम, सादर नमस्कार. मी पेशी-जीवशास्त्रात पीएच.डी. करते आहे, चौथं वर्ष सुरू आहे. आमच्या लॅबमधून आधी गेलेल्या एका पोस्टडॉकचा (पीएच.डी.नंतर संशोधनाला आलेल्याचा) एक निष्कर्ष बराच गाजला होता आणि माझा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा आहे. प्रयोग पुन्हा केला तर मला तो निष्कर्ष काही केल्या मिळत नाही. सिरम बदललं, अँटिबॉडी नवी मागवली, त्यांना मेल केले. 'हात बसायला वेळ लागतो' एवढंच उत्तर येतं. सर म्हणतात, त्यात अडकू नकोस, पुढचं कर. माझा दादा एका कंपनीत विक्री सांभाळतो. तो म्हणतो, 'तुमच्याकडे चुकलं तरी कुणाचं काय जातं? पेपर छापला, नोकरी लागली, विषय संपला. आमच्याकडे तिमाहीचा आकडा हुकला की बोलावणं येतं.' मला त्याचं पटायला लागलंय. एमबीए करून बाहेर पडू का? निदान तिथे काटेकोरपणा तरी असेल.

उत्तर : तुला 'तू'च म्हणते, चालेल ना?

दादाचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं झोंबणारं आहे, म्हणून ते आधी उरकू. २०१२ साली अ‍ॅमजेन या औषध कंपनीच्या लोकांनी जाहीर लिहिलं की कर्करोगावरचे ५३ गाजलेले शोधनिबंध त्यांनी स्वतः पडताळायला घेतले आणि त्यातले ६ टिकले. त्यांना त्या निष्कर्षांवर औषध उभं करायचं होतं, म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला. एरवी कोण करतं? पुढे कर्करोग-जीवशास्त्रातल्याच ५३ निबंधांमधले १९३ प्रयोग नव्याने करून पाहायचा एक मोठा उपक्रम झाला. त्याचा निकाल २०२१ मध्ये आला. प्रत्यक्षात जमले ५० प्रयोग. जे जमले त्यांतही परिणाम मूळ निबंधापेक्षा बहुतेक ठिकाणी फारच लहान निघाले. पण मला सगळ्यांत जास्त टोचली ती वेगळीच गोष्ट : १९३ पैकी एकाही प्रयोगाची कृती निबंधात इतकी पुरती दिलेली नव्हती की मूळ लेखकांना न विचारता तो प्रयोग मांडता यावा. एकाही! कृती नीट लिहून ठेवलेली असती, तर तुझ्या त्या पोस्टडॉकला 'हाता'चा आधार घ्यावा लागला नसता.

असं का होतं? चूक करणाऱ्याकडे चूक परत येत नाही म्हणून. निबंधावर दहा-बारा नावं असतात. प्रथिनं वेगळी करायचं जेल एकाने लावलेलं असतं, पेशी दुसरीने मोजलेल्या, आलेख तिसऱ्याने काढलेला, आणि गाईडने पाहिलेल्या असतात त्या फक्त प्रेझेंटेशनच्या स्लाइड्स. निष्कर्ष पोकळ आहे हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत अनुदान संपलेलं असतं आणि माणसं पांगलेली असतात. मग तो पोकळ निष्कर्ष फेडायचा कुणी? चौथ्या वर्षाच्या मुलीने.

आता दादाचं दुसरं अर्धं. मी प्रयोगशाळेतून औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात गेले आणि त्या खुर्चीमुळे विक्रीच्या आढावा बैठकींनाही बसावं लागायचं. एकदा एका विभागाची विक्री जोरात उसळली. पडद्यावर हिरवा बाण, विभागप्रमुखाचं कौतुक, त्याची 'पद्धत' बाकीच्यांना शिकवायची असंही ठरलं. मी विचारलं, या महिन्यांत प्रतिस्पर्ध्याचा माल बाजारात होता का? कुणालाच ठाऊक नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं, नव्हता; त्यांचं उत्पादन काही कारणाने बंद पडलं होतं. 'मॅडम, तुम्ही अजून लॅबमध्येच आहात,' असं एकजण हसत म्हणाला. पुढे त्यांचा माल परत आला, बाण लाल झाला आणि त्याच माणसाला जाब विचारला गेला. कौतुकाला जेवढा आधार होता तेवढाच त्या दोषारोपाला. नोकरी मात्र त्याची खरोखर गेली.

दादाला विचार, गेल्या वर्षी आकडा गाठला तो कशामुळे, हे त्याच्याकडे कधी कुणी सिद्ध करून मागितलं का? त्याच्याकडे जाब आहे, पण तो आकड्याचा आहे. कारणाचा जाब क्वचित. तो ज्याला जबाबदारी म्हणतो त्यातली बरीचशी नशिबाची वसुली असते. तुझ्याकडे नेमकं उलटं आहे. कंट्रोल (तुलनेसाठी उपचाराविना ठेवलेला नमुना) कुठे आहे, नमुने किती, दुसरं काही कारण असू शकतं का, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही विचारतात. पण सहा वर्षांनी तो निष्कर्ष कोसळला, तर तेव्हा विचारणारं कुणी उरत नाही. विचारायची सवय एका घरात आणि भोगायची पाळी दुसऱ्या घरात, अशी ही विभागणी आहे.

दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघ, दोन्ही स्प्रेडशीटची. ड्यूक विद्यापीठात एका गटाने दावा केला की गाठीतल्या जनुकांवरून कोणत्या रुग्णाला कोणतं कर्करोगाचं औषध लागू पडेल ते सांगता येतं. त्यावर २००७ पासून रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या. कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स या दोन संख्याशास्त्रज्ञांनी ती आकडेमोड उलगडली. जनुकांची यादी एका ओळीने खाली सरकलेली होती, आणि काही ठिकाणी 'औषध लागू' व 'औषध निकामी' ही लेबलंच उलटी होती. त्यांनी हे २००९ मध्ये छापलं. चाचण्या थांबल्या, तपासणी झाली आणि परत सुरू झाल्या! कायमच्या बंद पडल्या त्या २०१० मध्ये, मुख्य संशोधकाने आपल्या माहितीपत्रकात न मिळालेली शिष्यवृत्ती लिहिल्याचं उघडकीला आल्यावर. चुकीच्या गणिताने जे झालं नाही ते खोट्या शिष्यवृत्तीने झालं.

दुसरं प्रकरण जेपी मॉर्गन बँकेचं. २०१२ मध्ये एका व्यवहारात तिने सहा अब्ज डॉलर्सच्या वर घालवले. बँकेच्याच अहवालात पुढे आलं की जोखीम मोजणारं प्रारूप एक्सेलमध्ये हाताने आकडे चिकटवून चालवलं जात होतं, आणि एका सूत्रात सरासरीऐवजी बेरजेने भागलं होतं. त्यामुळे जोखीम होती त्यापेक्षा कमी दिसत राहिली. इथे मात्र जाब लगेच विचारला गेला : माणसं गेली, प्रमुखाचा त्या वर्षाचा मोबदला निम्म्यावर आला, नियामकांनी दंड ठोकला. पण नुकसान व्हायच्या आधी ते सूत्र कुणी तपासलं नव्हतं, हेही खरंच. पैसे बुडाले म्हणून चूक सापडली. पैसे मिळाले असते तर तेच सूत्र हुशारीचं ठरलं असतं.

आणि जाब वरच्याला विचारतात की खालच्याला, हेही पाहावं लागतं. वेल्स फार्गो बँकेत ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती उघडली जात होती, कारण कर्मचाऱ्यांच्या डोक्यावर तसं उद्दिष्ट ठेवलेलं होतं. २०१६ मध्ये प्रकरण बाहेर आलं तेव्हा सुमारे ५,३०० जणांना काढून टाकल्याचं कळलं. त्यांतले बहुतेक तळातले. सर्वोच्च अधिकाऱ्याला पायउतार व्हावं लागलं, पण नंतर.

जीवशास्त्रात कुणालाच शिक्षा होत नाही असंही नाही हं. व्हर्माँट विद्यापीठातल्या एरिक पोलमन यांनी वयोमानाच्या अभ्यासातले आकडे बदलून अनुदान मिळवलं होतं. २००६ मध्ये त्यांना एक वर्ष एक दिवसाची कैद झाली. त्यांना विचारलं कुणी? त्यांच्याच लॅबमधल्या एका तरुण साहाय्यकाने. रक्तातल्या चरबीचे आकडे त्याने पाहिले होते त्याच्या उलट झाले होते, त्याने विचारलं, समाधानकारक उत्तर आलं नाही, म्हणून तो जुन्या फायली शोधत बसला. दोन्ही घरांत हे सारखंच आहे, विचारण्याचं ओझं सगळ्यांत कनिष्ठ माणसाच्या पाठीवर येतं. तुझ्यासारख्या.

हे दोन्ही, विचारणं आणि भोगणं, एका जागी आलेलं मी पाहिलं ते औषधांच्या तपासणीत. १९९३ मध्ये अमेरिकेत बार लॅबोरेटरीज या कंपनीविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासणीत नमुना नापास झाला तर कारण शोधल्याशिवाय तो निकाल बाजूला टाकता येणार नाही. पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासत राहणं चालणार नाही. आता आपल्या लॅब आठव. प्रयोग पाचदा 'बसला नाही', सहाव्यांदा बसला, छापला सहावा. याला आपल्याकडे कंडिशन्स सेट करणं म्हणतात! शोधाच्या पहिल्या टप्प्यात हे काही अंशी लागतंच, ते मी नाकारत नाही. नवी वाट धुंडाळणाऱ्याला कारखान्याचे नियम लावले तर काहीच सापडणार नाही. पण धुंडाळून झाल्यावर एकदा तरी नियम आधी ठरवून, येईल तो निकाल मान्य करून प्रयोग व्हायला हवा, आणि पाच फसलेले प्रयोग वहीत दिसायला हवेत.

तुला आता काय करायचं ते सांगते. आधी पेशी त्याच आहेत का ते बघ. एसटीआर चाचणी (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी) करून घे, मायकोप्लाझ्मा हा पेशींत लपून राहणारा जीवाणू आहे का तेही तपास. एमडीए-एमबी-४३५ नावाच्या पेशी वर्षानुवर्षं स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वापरल्या गेल्या आणि निघाल्या त्वचेच्या मेलानोमाच्या. म्हणजे हा वेडगळ संशय नाही. मग मोजणी आंधळी कर. डिशवरची लेबलं मैत्रिणीला झाकायला सांग, सांकेतिक आकडे तिच्याकडेच राहू देत. सूक्ष्मदर्शकाखाली अर्धवट गोल झालेली, अजून चिकटलेली ती एक पेशी असते ना, मेली म्हणावं की जिवंत? कोणत्या डिशमध्ये औषध घातलंय हे ठाऊक असलं की तिथे ती मेलेली दिसते आणि कंट्रोलमध्ये जिवंत. यात लबाडी नसते, डोळे मनाचं ऐकतात. तुझ्या पोस्टडॉकचा 'हात' कदाचित तिथेच होता. कदाचित नसेलही, मी इथे बसून कुणावर आरोप करणार नाही, आणि तूही करू नकोस.

एवढं झालं की दोन पानांचं टिपण लिही : काय केलं, कोणत्या लॉटचं काय वापरलं, काय दिसलं. तारीख घाल, सरांना दे आणि प्रबंध समितीच्या बैठकीत ठेव. 'मिळत नाही' हे तोंडी सांगितलं तर ते तुझं अपयश ठरतं. लेखी दिलं की तो निकाल असतो.

आणि एमबीए? तुला विक्री, पैसा, माणसं चालवणं यांत रस असेल तर खुशाल कर, चांगलं काम आहे. काटेकोरपणाच्या शोधात जाणार असशील तर तिथे चुकीच्या दारात उभी राहशील. त्यासाठी औषध-चाचण्या, गुणवत्ता, नियामक कामं अशा वाटा आहेत. त्यांचे नियम हवेतून आलेले नाहीत. १९७० च्या दशकात इंडस्ट्रियल बायो-टेस्ट नावाच्या अमेरिकी प्रयोगशाळेत मेलेले प्राणी 'तपासता येणार नाही इतके कुजले' अशा मूळ नोंदी होत्या आणि तरी अहवालांत आकडे होते. १९७८ मध्ये प्रयोगशाळांसाठी आलेल्या नियमांना अशा घोटाळ्यांची पार्श्वभूमी आहे. काम कंटाळवाणं आहे, आधीच सांगते. खाडाखोड करायची तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. दिवसभर हेच. मला ते आवडलं. माझ्या बऱ्याच हुशार सहकाऱ्यांना वर्षभरात वीट आला.

प्रश्न : मी एका मोठ्या कंपनीत व्यवस्थापक आहे. तुम्ही शास्त्रज्ञ मंडळी आम्हाला नेहमी कमी लेखता. आमचेही सगळे निर्णय आकडेवारीवरच होतात. गेल्या वर्षी सर्वांत मागे पडलेल्या दहा शाखांना आम्ही खास प्रशिक्षण दिलं, पुढच्या तिमाहीत दहापैकी आठ सुधारल्या. याहून मोठा पुरावा काय हवा?

उत्तर : साहेब, कमी लेखत नाही. तुमचीच मंडळी कधीकधी आम्हाला धडा देतात. इंटरनेटवर कुणी 'ईबे' असं शोधलं की वर दिसणाऱ्या आपल्याच जाहिराती ईबे या कंपनीने काही काळ बंद करून पाहिल्या, तर जाहिरातीवरून येणारे जवळपास सगळे लोक खालच्या फुकटच्या दुव्यावरून आलेच. त्याआधी त्या जाहिराती प्रचंड यशस्वी दिसत होत्या, कारण त्यांवर क्लिक करणारे खरेदी करत होते. ते तसेही करणारच होते. काहीतरी बंद करून बघायला धाडस लागतं, आणि ते अनेक जीवशास्त्रज्ञांत नसतं.

पण तुमच्या दहा शाखा मला पटल्या नाहीत. तुम्ही सगळ्यांत वाईट दहा निवडल्या. कोणत्याही तिमाहीत तळाशी जाणाऱ्या शाखांपैकी काही खरंच कमकुवत असतात आणि काहींची वेळ वाईट असते : मोठा ग्राहक लांबला, दोघं रजेवर गेले. वेळ बदलली की त्या आपसूक वर येतात. प्रशिक्षणाऐवजी तुम्ही त्यांना नुसता पिवळा रंग दिला असता तरी दहापैकी कित्येक सुधारल्या असत्या. पुढच्या वेळी मागे पडलेल्या वीस घ्या, चिठ्ठ्या टाकून दहांना प्रशिक्षण द्या आणि दहांना थांबवा. थांबवलेल्या दहांचे प्रमुख आरडाओरडा करतील. करू देत.

आणि हे करण्यापूर्वी काय झालं तर 'यश' म्हणायचं ते लिहून कुणा तिऱ्हाइताकडे ठेवा. याने किती फरक पडतो पाहा. अमेरिकेच्या हृदय, फुप्फुस व रक्तविषयक राष्ट्रीय संस्थेच्या पैशावर झालेल्या मोठ्या चाचण्यांचा हिशेब २०१५ मध्ये छापून आला. २००० पूर्वीच्या ३० पैकी १७ चाचण्यांत उपचाराचा फायदा दिसला होता. २००० नंतर, काय मोजणार ते आधी नोंदवायची पद्धत आल्यावर, २५ पैकी २. इतरही कारणं असतील, पण आधी नोंदवणं हे त्यांतलं मोठं कारण असावं असं त्या अभ्यासकांचंही म्हणणं होतं. तुमचे किती यशस्वी उपक्रम ही गाळणी सोसतील, हे मला खरंच बघायला आवडेल. निकाल कळवा, छापते. फसला तरी छापते.

प्रश्न : ताई, मी एम.एस्सी. संपवून नोकरीच्या मुलाखती देतोय. माझ्या प्रकल्पात काहीच निष्पन्न झालं नाही. ते सांगू की झाकू?

उत्तर : सांग, पण रडगाणं नको. काय तपासायचं होतं, कोणते कंट्रोल ठेवले होते, आणि कशावरून ठरवलं की परिणाम नाही, एवढं तीन मिनिटांत. 'प्रयोग जमला नाही' आणि 'प्रयोग जमला, पण परिणाम दिसला नाही' यांतलं तुझं नक्की काय झालं ते आधी स्वतःशी ठरव; पॉझिटिव्ह कंट्रोल (ज्यात परिणाम दिसायलाच हवा असा नमुना) चालला असेल तर दुसरं, नाहीतर पहिलं. वही बरोबर ने. फसलेल्या दिवसाचं पान उघडून दाखवता आलं तर फारच उत्तम. मुलाखत घेणाऱ्यांतल्या कुणी विचारलं, 'यात आम्हाला काय?', तर तो प्रयोग कोणत्या टप्प्यावर थांबवायला हवा होता आणि त्यामुळे साहित्याचा किती खर्च वाचला असता ते सांग. हिशेब त्यांना कळतो.

पुढच्या अंकासाठी पत्रं पाठवताना गाईडची नावं आणि मूळ आलेख पाठवू नका. ते बघून कोण खरं हे मी ठरवू शकत नाही, आणि तसा अधिकारही मला कुणी दिलेला नाही.